टॅगवरचा अंगठा

वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. कप असो, टोपली असो, लाकडी ट्रे असो. वरून सगळेच नटवतात हो, खरं काय ते बुडाला कळतं. मग कडेवरून अंगठा फिरवायचा, मग बुडावरून, आणि शेवटी नखाने एक टिचकी. एवढ्यात मला समजतं की वस्तू हाताने घडवलीय, की मशीनमधून काढून तिच्यावर चार ओरखडे मारलेत. बावीस वर्षांत माझा अंगठा एकदाही चुकलेला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. जे आहे ते आहे, त्यात लाजायचं काय?

आमचं दुकान दोन मजली. खाली मातीची आणि काचेची भांडी, वर कापड, टोपल्या, दिवे. सगळं हाताचं, आणि सगळं अशा लोकांचं, ज्यांना मी शोधेपर्यंत कुणी विचारत नव्हतं. आज ज्याच्या दिव्यांसाठी लोक सहा-सहा महिने थांबतात, तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा प्रदर्शनाच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून दिवे विकत होता. स्टॉल घ्यायलाही पैसे नव्हते त्याच्याकडे. मी दिवा उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हटलं, “सगळे आत आणा.” असे पस्तीस-चाळीस जण तरी आहेत. माझी माणसं म्हणते मी त्यांना.

निवडलेल्या वस्तूला एक कागदी टॅग लागतो आणि टॅगवर निळ्या शाईत माझा अंगठा. पहिल्या वर्षी सह्या करून हात दुखायला लागला, म्हणून मी वैतागून शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि टॅगवर मारला. धाकटा भाऊ हसून हसून खाली बसला. “एवढी शिकलीस सवरलीस, आणि शेवटी अंगठाबहाद्दर!” पण गिऱ्हाइकांना तेच आवडलं. आता लोक वस्तू नंतर बघतात, आधी विचारतात, “ताईंचा अंगठा आहे ना?” भावाने मध्ये एकदा रबरी शिक्का करून घेऊ म्हणून भुणभुण लावली होती. मी त्याला अंगठाच दाखवला. रबरी शिक्का काय, कुणीही मारेल.

माझा ठसा नकलून काढणं तसं अवघडच आहे. नऊ वर्षांची असताना डब्याच्या पत्र्याने अंगठा चिरला होता. पेरावर अजून तिरपी खाच आहे. टॅगवर ती पांढऱ्या रेघेसारखी उमटते.

आणि जी वस्तू नापास, ती मी टेबलावर उलटीच सोडून देते. तोंडाने काही बोलत नाही. समोरच्याचा चेहरा पडायचा तेवढा पडतो.

दुकानाला वीस वर्षं झाली तेव्हा भावाने गल्ल्यामागच्या भिंतीवर माझा मोठा फोटो लावला. त्यात मी एक वाडगा उलटा धरून बुडाला अंगठा लावलाय आणि कॅमेऱ्याकडे बघायचंही भान नाही मला. “देवाघरी गेल्यासारखी दिसतेस,” असं वहिनी म्हणते. म्हणू दे. मला तो फोटो आवडतो.

यंदाचं प्रदर्शन नेहमीच्याच हॉलमध्ये होतं. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली लाल गालिचे, चारशे स्टॉल, आणि पहिल्या सकाळी दोन तास फक्त आम्हा दुकानदारांसाठी. मला ती वेळ फार प्रिय आहे. सगळीकडे पॉलिशचा आणि ताज्या कापडाचा वास असतो, कुठे ड्रिल मशीन घुरघुरत असतं, कुणी पुठ्ठ्याची खोकी फाडत असतं. मी पहिल्या रांगेत शिरले की कुजबुज सुरू होते, “ताई आल्या, ताई आल्या.” खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

दरवर्षी मी नवीन तीन माणसं निवडते. तीनच. भाऊ आणि वहिनी पिशव्या घेऊन मागे, मी पुढे. शेवटच्या रांगेपर्यंत एकही धड सापडलं नव्हतं, आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

शेवटच्या रांगेत, संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारी, एक बिनपाटीचा स्टॉल होता. एक टेबल, त्यावर राखाडी कापड आणि राखेच्या रंगाचे बारा कप. मागे स्टुलावर एक बाई बसली होती, माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी लहान. कोपरापर्यंत वाळलेली माती तशीच. ती ना हसली, ना “या ताई” म्हणाली.

मी एक कप उचलून उलटा केला. बूड सुरेख. कड सुरेख. मग दांडीकडे वळले. कपाची दांडी खालच्या टोकाला जिथे चिकटवतात, तिथे कुंभार ओल्या मातीवर अंगठा दाबतो. तो खळगा भाजल्यावर तसाच राहतो. कुणाचा उथळ, कुणाचा तिरका. मी तिथे अंगठा ठेवला.

अंगठा आत गेला आणि बसला. स्वतःच्या जुन्या चपलेत पाय जावा तसा. आणि खळग्याच्या मधोमध, जिथे माझ्या अंगठ्यावर खाच आहे, बरोब्बर तिथे मातीत एक तिरपा उंचवटा होता. तो खाचेत जाऊन बसला.

“असाच दुसरा द्या,” मी म्हटलं.

हा माझा जुना डाव आहे. हाताने केलेल्या दोन वस्तू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. सारख्या निघाल्या की समजायचं, साचा आहे.

तिने दुसरा कप दिला. तोच खळगा, तोच उंचवटा. तिसरा घेतला. तोच. मी बाराच्या बारा कप बघितले.

“साच्याचं काम आहे हो तुमचं,” मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. शेजारच्या स्टॉलवरचे दोघे वळून बघायला लागले.

“साचा नाही,” ती म्हणाली. “हात आहे.”

“कुणाचा?”

ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

भावाने कप माझ्या हातातून घेतला आणि आपला अंगठा घालून बघितला. “माझा नाही जात बुवा. टोचतंय आत.” वहिनीचा अंगठा माझ्याहून बारीक, तिलाही टोचलं.

मी स्टॉलसमोर उभी राहून डोकं चालवलं. माझे हजारो टॅग लोकांच्या घरी गेलेत. कुणीही त्यावरून ठसा उचलावा, साचा बनवावा, मातीत दाबावा. झालं. पण टॅगवरचा ठसा सपाट असतो. खाच किती खोल आहे हे शाईत उतरत नाही. आणि इथे तर ती केसाइतकीही कमी-जास्त नव्हती. माझी नक्कल कुणीतरी एवढ्या निगुतीने केलीय, याचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या खाली, अगदी खरं सांगायचं तर, मला भारी वाटत होतं.

“उद्या सकाळी प्रदर्शन उघडायच्या आधी येते,” मी तिला म्हटलं. “माझ्यासमोर एक कप करा. बघू तुमचा हात.”

“या,” ती म्हणाली. “मातीपुरतं पाणी घेऊन या. इथला नळ लांब आहे.”

काय बाई आहे! मला पाणी आणायला सांगते. पण मी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हॉलमध्ये झाडूवाले सोडून कुणी नव्हतं. वरच्या खिडक्यांतून स्वच्छ ऊन आत पडलेलं. तिने मातीचा गोळा घेतला आणि बोटांनीच तो पोकळ करत, वर ओढत कप उभा केला. चाक नाही, साचा नाही. मी बावीस वर्षांत शेकडो हात पाहिलेत, असा हात पाहिला नव्हता. बोट ठेवायला जागा नव्हती. मग तिने मातीची वळकटी करून दांडी लावली, वरचं टोक दाबलं आणि खालचं टोक तसंच सोडून माझ्यापुढे कप धरला.

“इथे तुम्ही दाबा.”

“मी?”

“तुम्हाला साचा बघायचा होता ना.”

मी दाबला. माती गार होती, मी आणलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी गार. “किती वेळ धरू?” मी विचारलं.

“तुमचं तुम्हाला कळेल.”

आता हे असं कुणी म्हटलं की मी काही आधी हात काढणाऱ्यांतली नाही. मी धरून राहिले. गारठा पेरातून वर मनगटाकडे चढला, तरी धरून राहिले. लांब कुठेतरी झाडूवाल्याची बादली वाजली. शेवटी तीच म्हणाली, “एवढा वेळ कुणी धरत नाही.”

“मी धरते,” मी ऐटीत म्हटलं आणि अंगठा काढला.

खळग्यात माझ्या सगळ्या रेघा उतरल्या होत्या, मधला उंचवटाही. ती बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिने तो कप ओल्या फडक्यात गुंडाळला. “भाजून पाठवते दुकानावर.” मग टेबलावरचे बाराही कप तिने उचलले आणि खाली रद्दीच्या खोक्यात टाकले. दोन-तीन फुटलेच.

“अहो, हे काय करताय?”

“हे आता नकोत,” ती म्हणाली. “हे अंदाजाने केले होते.”

त्या दिवशी दुपारी मी वेताच्या टोपल्या विणणाऱ्या एका काकांची टोपली हातात घेतली, आणि मला काही कळेना. अंगठा फिरवला, वेत होता, बस. घट्ट की सैल, मनापासूनचं की उरकलेलं, काही नाही. जेवताना तोंडाला चव नसावी तसं. गारठ्यामुळे असेल म्हणून मी गरम चहाचा ग्लास अंगठ्याला लावून बसले. वहिनी म्हणाली, “भाजेल हो ताई.” भाजत नव्हतं.

पण लोक बघत होते. ताईंनी टोपली उचललीय म्हणून काका श्वास रोखून उभे होते. मला काहीतरी करायला हवं होतं. मी टोपली उलटी ठेवली.

काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “काही चुकलं का, ताई?” असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही, कारण माझं चुकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले. त्या रांगेतून चालताना मला शरम वाटली, हे सांगायला हवं.

मग एका चटपटीत डिझायनरचे तांब्याचे वाडगे मी पास केले. “प्रत्येक खळगा हातोडीचा आहे, मॅडम,” असं तो म्हणाला, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघून पास केले. आयुष्यात पहिल्यांदा मी वस्तूऐवजी माणसाच्या बोलण्यावर गेले.

नमुने दुकानात आले. टॅगवर अंगठा मारला तर नुसता निळा डाग उमटला. “ताई, शाई जास्त झाली,” भाऊ म्हणाला. शाई कमी केली. फिका डाग उमटला. मी खिडकीशी जाऊन भिंगातून अंगठा बघितला. पेर गुळगुळीत होतं. रेघ नाही. खाच नाही. पंचेचाळीस वर्षांचा वण, सकाळी पुसून टाकल्यासारखा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “होतं कधीकधी. शाई, साबण, वय. मलम लावा.” मी मलम लावलं. भावाला म्हटलं, ठसे मारायची सध्या घाई नको. तो बघतच राहिला. माझ्या अंगठ्यावर अख्खं दुकान उभं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तो अंगठा गेला तर मी कोण? चांगल्या साड्या नेसणारी एक म्हातारी होऊ घातलेली बाई, बस.

दहाव्या दिवशी कप आला. राखेचा रंग, कागदाच्या कात्रणात नीट गुंडाळलेला, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. दुपारी एकटी असताना मी दांडीखाली अंगठा ठेवला.

अंगठा आत गेला नाही. टोचलं.

मी कप टेबलावरच्या फळीवर ठेवून दिला.

मागच्या दाराशी भावाने हजेरीचं मशीन बसवलंय, अंगठा ठेवला की बाईच्या आवाजात “धन्यवाद” म्हणणारं. प्रदर्शनानंतर ते मला ओळखेनासं झालं होतं, म्हणून मी हजेरी लावणंच सोडलं होतं. कप आल्यानंतर चार-पाच दिवसांनी भाऊ हजेरीचा कागद घेऊन आला. “एवढ्या लवकर येऊन करतेस काय तू? रोज आठ चाळीस!”

मी साडेनऊला येते. भाऊ नऊला उघडतो. कागदावर माझं नाव होतं आणि पुढे ओळीने आठ चाळीस, आठ चाळीस, आठ चाळीस.

“झोप येत नाही,” मी म्हटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी काकांची टोपली माझ्या टेबलावर सरळ ठेवलेली होती. ती प्रदर्शनातून चुकून वहिनीच्या पिशवीत आली होती आणि परत पाठवायच्या खोक्यात, तळाशी होती. आता तिला टॅग बांधलेला होता आणि टॅगवर अंगठा. रेघ नि रेघ स्वच्छ, मधून पांढरी तिरपी खाच. शाई अजून ओली होती. शेजारी तांब्याचा वाडगा उलटा पडलेला.

“जमलं की गं परत!” भाऊ आनंदाने ओरडला. मग त्याने वाडगा उचलला, खोक्यातला दुसरा काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि शिटी वाजवली. “अरे लेका! खळगा नि खळगा सारखा. प्रेसमधून काढलेत. ताई, काय ओळखलंस गं!”

मी काकांना फोन केला आणि म्हटलं, चूक माझी होती, टोपल्या पाठवा. ते पलीकडे रडायला लागले. आणि फोन ठेवल्यावर माझी छाती फुगली. हसा तुम्ही. पण तो अंगठा माझाच होता ना? बिनचूक होता. माझ्याजवळ नव्हता, एवढंच.

मग रोज असं व्हायला लागलं. मी संध्याकाळी नवे नमुने टेबलावर मांडून जायचे, सकाळी येऊन बघायचे. काही सरळ, काही उलटे. एका काचेच्या सुरईला मी नाक मुरडलं होतं, तिला ठसा मिळाला. दोन दिवसांत तिच्यासारख्या सगळ्या संपल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, “ताई, यंदाची निवड म्हणजे कमालच.” मी मान डोलवायचे. फोटोखाली बसून, गुळगुळीत अंगठा मुठीत लपवून.

असं किती दिवस चालणार? जे माझं आहे ते मला परत हवं होतं. एका सकाळी मी सव्वाआठलाच गेले.

मागचं दार उघडून आत आले, दिवे लावले नाहीत. समोरच्या काचेतून ऊन येत होतं, रस्त्यावर दूधवाल्याची गाडी उभी होती. मी टेबलाशी बसले. समोर तीन नमुने, शाईचं पॅड, टॅगचा गठ्ठा. फळीवर कप. त्याची दांडी माझ्याकडे होती.

आठ चाळीसला मागच्या दाराशी मशीन म्हणालं, “धन्यवाद.”

दाराशी कुणी नव्हतं. मी वळून नीट बघितलं.

मी परत पुढे बघितलं तेव्हा कप तसाच होता, पण त्याची दांडी भिंतीकडे होती.

ओल्या मातीचा वास आला.

टेबलावरच्या नमुन्यांना काही हात लागला नाही. मी वाट बघत होते. मग माझ्या कपाळावर, केसांच्या सुरुवातीला, काहीतरी गार टेकलं.

ते हळूहळू खाली आलं. कानशिलावरून, जबड्याच्या कडेने. आधी कड. मी ओळखलं. त्यात खाच होती, ती मला कातडीवर स्पष्ट कळत होती.

मग मानेमागे, मणक्यावरून, खालपर्यंत. बूड.

मी ताठ बसले. बावीस वर्षं लोक माझ्यापुढे कसे उभे राहत होते, ते मला पहिल्यांदा कळलं. पण मी मान खाली घातली नाही. तपास, म्हटलं मनात. नीट तपास. अस्सल आहे मी.

छातीच्या हाडावर टिचकी पडली. एकच.

ती कशी वाजली, हे मी ऐकलं.

मग बराच वेळ काही नाही. शाईच्या पॅडचं झाकण तेवढं अर्धं उघडलं, आणि मिटलं.

नऊला भाऊ आला. पुढचं शटर वर करताना त्याचं नेहमीचं गुणगुणणं चालू होतं. मला बघून म्हणाला, “आलीस पण? चहा सांगू?” मग त्याची नजर माझ्या मागे, गल्ल्यामागच्या भिंतीवर गेली, आणि गुणगुणणं थांबलं.

“ताई, तुझा फोटो कुणी उलटा लावला गं?”

तो स्टूल ओढून वर चढायला लागला. मी वळून बघितलं नाही.

“राहू दे तसाच,” मी म्हटलं. “माझा अंगठा चुकत नाही.”